गावचा कागद कोणाच्या कपाटात? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गावपातळीवरच्या सरकारी नोंदी, दाखले आणि हिशेब कोठे व कसे पाहायला मिळतात, याविषयी महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली आहेत. त्यांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. काही पत्रे आशय कायम ठेवून संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही उभयता गावी राहायला आलो. गाव लहान आहे. साधी माहिती हवी असली तरी ग्रामसेवक म्हणतात तलाठ्यांकडे जा, तलाठी म्हणतात पंचायतीत विचारा, आणि तलाठी आठवड्यातून एखाद्या दिवशीच येतात. नेमके कोणाला काय विचारायचे असते?
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्याला टोलवले जात आहे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता बरीच आहे. सरकारदरबारी आपले गाव एक नसून दोन असतात. एक महसुली गाव, ज्याला स्वतःची शीव, नकाशा आणि गट क्रमांक असतात व ज्याचे दप्तर तलाठी सांभाळतो. दुसरी ग्रामपंचायत, जी निवडणुकीने बनते व जिचे दप्तर ग्रामसेवक सांभाळतो. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आहेत आणि महसुली गावे त्याहून कितीतरी जास्त, कारण दोन-तीन लहान गावांची किंवा वाड्यांची मिळून एक गट ग्रामपंचायत असते. तलाठ्याकडेही बहुतेक वेळा एकच गाव नसते. त्याच्या हद्दीला सजा म्हणतात आणि एका सजेत अनेक गावे येतात. त्यामुळे आपल्या गावाची पंचायत एका गावात आणि तलाठी सजेचे कार्यालय दुसऱ्याच गावात, असा प्रकार सर्रास आढळतो. २०२४ मध्ये या दोन्ही पदांची नावेही बदलली. ग्रामसेवक आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहेत आणि तलाठी ग्राम महसूल अधिकारी. अर्जावर नवे पदनाम लिहावे, बोलताना मात्र जुन्या नावानेच विचारावे लागेल.

कामाची वाटणी अशी आहे. शेतजमीन, तिचा मालक, पीक, फेरफार (म्हणजे मालकी किंवा हक्क बदलल्याची नोंद), वारस, सरकारी पड, गायरान हे सारे महसूल खात्याकडे असते आणि ते गाव नमुना १ ते २१ या क्रमांकांच्या नोंदवह्यांत लिहिलेले असते. आपण ज्याला सातबारा म्हणतो तो त्यांतलाच सात आणि बारा क्रमांकाचा नमुना होय. फेरफाराची वही सहा क्रमांकाची, आणि खातेदाराची एकत्रित जमीन दाखवणारा उतारा आठ-अ. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म, मृत्यू व विवाह यांच्या नोंदी, गावातले दिवे, गटारे, अंतर्गत रस्ते, पंचायतीचा जमाखर्च आणि ग्रामसभेचे इतिवृत्त हे पंचायतीकडे असते. तिच्या हिशेबाच्या वह्यांनाही नमुनेच म्हणतात आणि ते १ ते ३३ आहेत. येथे एक घोटाळा नेहमी होतो. पंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची वही, आणि तलाठ्याचा आठ-अ म्हणजे शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. नुसता ‘आठचा उतारा’ मागितला की चुकीच्या कार्यालयात रांग लावण्याची वेळ येते.

जमिनीची मोजणी, गाव नकाशा, आकारबंद (प्रत्येक गटाचे क्षेत्र व आकार दाखवणारी वही) आणि गावठाणातील मिळकत पत्रिका (घरजागेचा धारक दाखवणारा उतारा) मात्र या दोघांकडेही नसतात. त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांचे कार्यालय असते. माझा सल्ला एवढाच, की जाण्यापूर्वी कागदाचे नाव, नमुन्याचा क्रमांक, वर्ष आणि गट किंवा घर क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून न्यावा. ‘आमच्या घराची माहिती द्या’ या मागणीला नकार देणे सोपे असते. ‘घर क्रमांक अमुक, नमुना ८ चा चालू वर्षाचा उतारा’ या मागणीला तसा नकार देता येत नाही. शिवाय नमुना ८ चा उतारा आणि जन्म-मृत्यूचे दाखले या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत. त्यांना मुदत आणि शुल्क ठरवून दिलेले आहे आणि तो तक्ता पंचायतीच्या भिंतीवर लावलेला असला पाहिजे.

प्रश्न : गावठाणातील आमच्या घराचा नमुना ८ वडिलांच्या नावावर आहे व घरपट्टी आम्ही नियमित भरतो. तरीही बँक म्हणते की मालकीचा पुरावा आणा. नमुना ८ हा पुरावा नाही का?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : नाही. ही वही कर कोणाकडून वसूल करायचा हे ठरवण्यासाठी ठेवलेली आहे. तिच्यात नाव असल्याने मालकी मिळत नाही आणि नाव नसल्याने ती जात नाही. बँकेने आपली अडवणूक केली, असे या बाबतीत म्हणता येणार नाही.

आता काय शोधायचे ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १२६ खाली दोन हजारांहून अधिक लोकसंख्येच्या गावांच्या गावठाणांची नगर भूमापनाच्या पद्धतीने मोजणी करण्याची तरतूद पूर्वीपासून आहे. आपले गाव त्यांत आले असेल, तर मिळकत पत्रिका कित्येक वर्षांपूर्वीच तयार होऊन भूमी अभिलेख कार्यालयात पडून असेल. घरातल्या कोणालाही तिचा पत्ता नाही, असे पुष्कळ कुटुंबांत घडते. लहान गावांची गावठाणे दीर्घकाळ मोजणीविना राहिली. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजणीचा प्रयोग झाला, आणि पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. या योजनेत गावठाणाची मोजणी होऊन प्रत्येक धारकाची चौकशी होते आणि त्यानंतर सनद, म्हणजे धारकाच्या हक्काचा सरकारी दाखला, व मिळकत पत्रिका मिळते. आपल्या गावाची मोजणी कोणत्या टप्प्यावर आहे हे उपअधीक्षकांच्या कार्यालयात विचारावे. चौकशी अद्याप व्हायची असेल, तर त्या दिवशी घरातील जबाबदार माणूस कागदपत्रांसह हजर असणे अत्यंत आवश्यक आहे, कारण त्या वेळी जे नाव लागेल ते पुढे बदलायला फार त्रास पडतो.

पत्रिका तयार असेल आणि तिच्यावर वडिलांचे नाव असेल, तर वारस नोंदीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयातील परिरक्षण भूमापकाकडे द्यावा. घर वडिलांनी विकत घेतलेले असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीखताची नक्कल व सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात) मिळवावी. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे, पण जुन्या दस्तांसाठी प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन शोध घ्यावा लागतो. वडील हयात नसतील आणि खरेदीखतही नसेल, तर वर्षानुवर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. त्या मालकी सिद्ध करीत नसल्या तरी ताबा दाखवतात, आणि चौकशीच्या वेळी ताब्याला वजन असते.

प्रश्न : संकेतस्थळावरून छापून घेतलेला सातबारा कार्यालयात चालतो का?
— एक शेतकरी, जालना जिल्हा

उत्तर : महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. पंधरा रुपये भरून घेतलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सर्व सरकारी कामांना चालतो आणि त्यावर तलाठ्याच्या सहीशिक्क्याची गरज नसते. त्याच ओघात ‘आपली चावडी’ हे पानही अधूनमधून पाहत जावे. आपल्या गटावर कोणता फेरफार दाखल झाला आहे, त्याची नोटीस तेथे दिसते. हरकत घ्यायची मुदत पंधरा दिवसांची असते आणि नोंद एकदा मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली की मग अपिलाचा लांबचा रस्ता धरावा लागतो.

प्रश्न : आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी पाण्याची नवी पाइपलाइन टाकली. ती तीन ठिकाणी फुटली आहे. किती खर्च झाला हे विचारले की ‘ते काम आमच्याकडे नाही’ असे पंचायतीत सांगतात. गावात मतभेद नकोत म्हणून मला थेट माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा नाही. दुसरा मार्ग आहे का? आणि अर्ज टाकावाच लागला, तर तो कसा लिहावा?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : पंचायतीचे उत्तर टाळाटाळीचे वाटते, पण ते आधी तपासून घ्यावे. गावातल्या कामाची फाइल कोणाकडे आहे हे त्या कामाला पैसा कोठून आला यावरून ठरते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून काम झाले असेल, तर पैसा पंचायतीच्या खात्यातून गेलेला असतो आणि प्रमाणके, म्हणजे खर्चाची व्हाउचरे, तिच्याकडेच असतात. जल जीवन मिशनचे काम असेल, तर ते बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागामार्फत होते आणि पंचायतीकडे फाइल नसणे शक्य आहे. आमदार निधीतील काम असेल, तर मंजुरीचे कागद जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे असतात आणि अंमलबजावणी तिसरीच यंत्रणा करते. म्हणून पहिले काम म्हणजे टाकीजवळ किंवा रस्त्याच्या कडेला उभा केलेला फलक वाचणे. योजनेचे नाव, अंदाजित रक्कम, ठेकेदार आणि काम करणारी यंत्रणा हे त्यावर लिहिलेले असायला हवे. फलकच नसेल, तर तीही ग्रामसभेत विचारण्याजोगी गोष्ट आहे.

अर्जाशिवायचे दोन मार्ग आहेत. एक घरबसल्या करता येतो. केंद्र सरकारचे ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ २०२० पासून चालू आहे. त्यावर राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडली की त्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा, त्यातील कामे आणि वित्त आयोगाच्या निधीतून दिलेल्या रकमांची प्रमाणके दिसतात. एकाच नावाची गावे पुष्कळ असतात, म्हणून आपल्या पंचायतीचा एलजीडी संकेतांक (सरकारी यादीत प्रत्येक पंचायतीला दिलेला स्वतंत्र क्रमांक) आधी पाहून ठेवावा. तेथील आकडा अंतिम सत्य म्हणून धरू नये, पण काम पंचायतीच्या खर्चात आहे की नाही एवढे त्यावरून निश्चित कळते. पाइपलाइनची रक्कम तेथे दिसली, तर ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर टिकत नाही.

दुसरा मार्ग ग्रामसभेचा आहे आणि माझ्या मते तो फार कमी वापरला जातो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ खाली पंचायतीने वार्षिक हिशेबाचे विवरण, गेल्या वर्षाचा प्रशासन अहवाल, येत्या वर्षात करावयाची कामे आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिपणी तिच्या उत्तरांसह ग्रामसभेपुढे ठेवायची असते. ग्रामसभेच्या शेवटी ‘हिशेबास मंजुरी’ हा विषय घाईघाईने वाचून टाकतात आणि लोक उठू लागतात. नेमके तेव्हा उभे राहून लेखापरीक्षण टिपणी वाचून दाखवण्याची विनंती करावी. त्यात आवाज चढवण्याजोगे काही नाही, कारण कायद्याने जी वाचायची तीच आपण वाचायला सांगत आहोत. आपले म्हणणे आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घेण्याचा आग्रह मात्र सोडू नये. आपण मतदार यादीत असाल, तर ग्रामसभेच्या सदस्य आहात आणि बोलण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. सर्वसाधारण ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. हा प्रश्न तेथे आधी मांडला आणि तेथून ठराव पुढे आला, तर तो एकट्या मुलीचा प्रश्न राहत नाही.

एवढे करूनही कागद दिसला नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. दहा रुपयांचा न्यायालय शुल्क मुद्रांक लावता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही, मात्र पुरावा जोडावा लागतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज सामान्यतः एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत असावा लागतो. अर्जात ‘का’ विचारू नये. ‘पाइपलाइन का फुटली’ याचे उत्तर कोणत्याही फाइलमध्ये नसते आणि जनमाहिती अधिकारी, म्हणजे अशा अर्जांना उत्तर देण्यासाठी नेमलेला अधिकारी, ते तयार करून देण्यास बांधील नसतो. मागायचा तो कागद. आपल्या बाबतीत मजकूर असा असू शकेल : ‘सन अमुक या आर्थिक वर्षात अमुक वस्ती ते अमुक टाकी या पाणीपुरवठा पाइपलाइनच्या कामासंबंधी पुढील अभिलेखांच्या प्रती मिळाव्यात. प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचे आदेश, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकातील या कामाची पाने, अदा केलेल्या देयकांची प्रमाणके आणि काम पूर्णत्वाचा दाखला. तसेच या कामाची संपूर्ण फाइल पाहण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी.’

या यादीत मोजमाप पुस्तकाला सर्वांत अधिक महत्त्व आहे. बोलीत त्याला एम. बी. म्हणतात. किती मीटर नळी टाकली, किती व्यासाची टाकली आणि चर किती खोल खणला हे अभियंता त्यात मोजून लिहितो व त्यावरूनच देयक निघते. अंदाजपत्रकात चर तीन फूट खोल दाखवला असेल, मोजमाप पुस्तकातही तीन फूटच लिहिले असेल आणि फुटलेल्या ठिकाणी नळी हातभर खाली सापडत असेल, तर पुढचे सांगण्याची गरज उरत नाही. म्हणून मी प्रतींपेक्षा आधी फाइल पाहण्याला प्राधान्य देईन. पाहताना जी पाने कामाची वाटतील तेवढ्याच पानांच्या प्रती पानामागे दोन रुपयांनी घ्याव्यात. ‘सर्व कागद द्या’ म्हटले की शेकडो पानांचा भरणा करण्याचे पत्र येते आणि माणूस तेथेच थांबतो.

काम दुसऱ्या यंत्रणेचे निघाले, तर कलम ६(३) नुसार आपला अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणे हे पंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याचे काम आहे. ‘तिकडे अर्ज करा’ एवढे सांगून त्याला मोकळे होता येत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढे माहिती विनामूल्य द्यावी लागते, आणि आपल्याला तीस दिवसांच्या आत वीस रुपयांच्या मुद्रांकासह प्रथम अपील करता येते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतलेला नसेल, तर या मुदती कोठून मोजायच्या हाच वाद होतो.

प्रश्न : माझ्या आजोबांचा जन्म १९३० च्या सुमाराचा आहे. त्यांची जन्मनोंद हवी आहे, पण ग्रामपंचायतीत इतके जुने रजिस्टर नाही. ते नष्ट झाले असे समजायचे का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : एवढ्यात तसे समजू नये. त्या काळी गावोगाव पंचायती नव्हत्या आणि जन्ममृत्यूची नोंद महसूल खात्याच्या दप्तरात, गाव नमुना १४ मध्ये होत असे. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. ही बुके आता तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. नकलेच्या अर्जात गाव, अंदाजे वर्षे आणि पणजोबांचे पूर्ण नाव द्यावे. आजोबांचे नाव शोधू नये, कारण बाळाचे बारसे होण्याआधीच नोंद झालेली असल्याने बहुधा बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले आढळते. भावंडे असतील तर त्यांच्या जन्मांतील अंतर ध्यानात घेऊन कोणती नोंद कोणाची हे ताडावे लागते. नोंद मोडीत असेल, तर मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावे आणि ते मूळ नकलेला जोडावे. निजामाच्या राज्यात असलेल्या भागातील त्या काळचे दप्तर मोठ्या प्रमाणात उर्दूत आहे, हे मराठवाड्याला लागून असलेल्या गावांतील वाचकांनी लक्षात ठेवावे.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध घेतला गेला, तेव्हा हे अभिलेख मोठ्या प्रमाणावर तपासले गेले आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या प्रतिमा ठेवल्या गेल्या. आपला शोध जातीच्या दाखल्यासाठी नसला तरी त्या प्रतिमा पाहायला हरकत नाही. शाळेत गेलेल्या माणसाची जन्मतारीख प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येही असते. ती पुष्कळदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते, पण सरकारी कामात तिला मान आहे.

प्रश्न : २०११-१२ च्या ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मागितली असता ‘सदर अभिलेख आढळून येत नाही’ असे लेखी उत्तर मिळाले. आता काय करता येईल?
— एक माजी ग्रामपंचायत सदस्य, रायगड जिल्हा

उत्तर : माहिती नाकारण्याची जी कारणे कायद्यात दिली आहेत, त्यांत कागद सापडत नसणे हे कारण नाही. त्यामुळे प्रथम अपील अवश्य करावे, आणि त्यात नुसती प्रत न मागता शोध घेऊन तसा अहवाल देण्याचा आदेश मागावा. त्याच वेळी एक वेगळा अर्ज करावा. ग्रामसेवकाची बदली होते तेव्हा दप्तर पुढच्याच्या हवाली करताना कार्यभार हस्तांतरणाची यादी होते आणि तिच्यावर दोघांच्या सह्या असतात. २०१२ नंतरच्या सर्व याद्यांच्या प्रती मागाव्यात. ज्या यादीपर्यंत इतिवृत्ताची ती वही दिसते आणि ज्या यादीपासून दिसत नाही, त्या दोन सह्यांच्या मधल्या काळात ती गेली, एवढे तरी स्पष्ट होते. सार्वजनिक अभिलेखांच्या जतनासाठी महाराष्ट्रात २००५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. वही खरोखरच गहाळ असेल, तर जबाबदारी निश्चित करून पोलिसांत फिर्याद देण्याची मागणी गट विकास अधिकाऱ्यांकडे लेखी करता येते. अशी मागणी नोंदवली गेल्यावर वही सापडल्याची उदाहरणे आहेत.

दरम्यान ठरावाची प्रत अन्यत्र शोधावी. ज्या कामासाठी तो ठराव झाला, त्या कामाच्या प्रस्तावाला ठरावाची प्रत जोडल्याशिवाय पुढे मंजुरी मिळत नाही. म्हणजे पंचायत समितीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या त्या फाइलमध्ये ती असण्याची शक्यता आहे. जागेसंबंधीचा ठराव असेल तर तहसील कार्यालयात पाहावे, आणि अर्जात ठरावाची तारीख ठाऊक नसली तरी कामाचे नाव अवश्य द्यावे.